घागर घेऊन परतलेली माय



गोरोबाकाकांचे चरित्र मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितले. काका भजनात रंगून चिखल तुडवीत आहेत, रांगते लेकरू पायाखाली येते, काकांना देहभान नाही. इथे मी मृदंग चढवायला खूण करीत असे. पुढे पंढरीच्या कीर्तनात ते लेकरू परत रांगत येते, आणि मंडपात विठ्ठलनामाचा गजर होतो.

गडचांदूरच्या एका सप्ताहात कीर्तन उठल्यावर एक बाई पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, काकांचं लेकरू परत आलं. माझं नाही आलं. मधल्या दिवसांत त्या मायनं काय केलं, ते तुम्ही सांगतलंच नाही."

माउली, काकांचे थापटणे माझ्या डोक्यावर बसले आणि मडके कच्चे निघाले. पाण्याला गेलेली माय घागर घेऊन परतते, तो प्रसंग मी दोन वाक्यांत उरकत आलो होतो. त्या बाईलाही मी 'देवाचे होते, देवाने नेले' एवढेच म्हणालो. तिच्या लेकराचे नावसुद्धा विचारले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न सोबत आहे. आईचा शोक ही भक्तीतली उणीव आहे काय?

उत्तराची वाट मला मातीतच सापडली. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे निघाली. त्या लोकांचे लहान मूल गेले, की ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत त्या लेकराला निजवीत आणि घराच्या भुईखालीच पुरीत. काही ठिकाणी शेजारी लहान भांडीही ठेवलेली होती. त्यांच्या मनातले आपल्याला कसे कळणार? पण मला ती दोन मडकी पोटासारखी दिसतात. तिथेच मातीची एक स्त्रीमूर्तीही मिळाली. तिला मस्तक नाही. अभ्यासक तिला मातृदेवता मानतात.

आता आपल्या घरची वंशावळ आठवा. रेघ बापाकडून मुलाकडे जाते. तीत आईचे नाव नसते, दोन महिन्यांच्या लेकराचेही नसते. इनामगावच्या घरात मात्र त्या लेकराची जागा मोडली नव्हती.

आणि आपला संप्रदाय? ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो. त्यांना ना पत्नी, ना अपत्य. वंशावळीची रेघ त्यांच्यापाशी थांबते. तरी १२९६ सालच्या समाधीनंतर आजवर लाखो लेकरे त्यांना आई म्हणत आळंदीला येतात. आपला वंश चालतो तो आईपणाने. मग त्या मायेला वगळून सांगितलेले चरित्र माउलीच्या पंथाचे कसे म्हणावे? लेकरू परत आले यावर माझी श्रद्धा आहे. पण ते येईपर्यंत ती रडली, ते रडणेही पांडुरंगाने ऐकले, यावरही माझी तितकीच श्रद्धा आहे.

आता गळा साथ देत नाही, म्हणून हे लिहितो. तरुण कीर्तनकारांनो, ती घागर घेऊन दारात येते तिथे मृदंग क्षणभर थांबवा. आणि वाचकहो, वारीच्या वाटेवर अशी माय भेटली तर उपदेश करू नका. लेकराचे नाव विचारा, आणि ती बोलेल तेवढे ऐका.

रामकृष्ण हरी.