वीरगळापासून स्मृतिवनापर्यंत

महाराष्ट्रात लढून मेलेल्या माणसाची सर्वांत जुनी खूण म्हणजे वीरगळ. वेशीजवळ, देवळाच्या आवारात किंवा शेताच्या बांधाला टेकून कमरेएवढा दगड उभा असतो आणि त्यावर एकावर एक तीन-चार चौकटी कोरलेल्या असतात. सर्वांत खालच्या चौकटीत तो पुरुष झुंजतो आहे किंवा आडवा पडला आहे. कित्येकदा शेजारी गाईही दिसतात, म्हणजे गुरे पळवणाऱ्यांना अडवताना त्याला मरण आले. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, त्याच्या वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसतो, आणि माथ्यावर कलश, चंद्र व सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या सहा वीरगळांपैकी काहींवर तर चक्क गलबतांची लढाई कोरली आहे.

कर्नाटकातील वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो. महाराष्ट्रातले बहुतेक मुके आहेत. ज्यांच्यासाठी दगड उभा केला त्या गावाला माणूस ठाऊक होता, म्हणून नाव लिहिण्याची गरज वाटली नाही. चार-पाच पिढ्यांनी ओळख पुसली गेली, दगडाला शेंदूर लागला आणि त्याचा देव झाला. सातपुड्याच्या उतारांवरील भिल्ल समाजातही मृतासाठी दगड किंवा लाकडी फळी रोवण्याची चाल आहे. मध्य प्रदेशाच्या बाजूला तिला ‘गाता’ म्हणतात. त्यावर बहुधा घोडेस्वार असतो. गुजरातेत अशाच दगडाला ‘पाळिया’ म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यातले, गोमाई नदीकाठचे शहादा या सगळ्या प्रथांच्या सांध्यावर वसले आहे. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, डोंगरापलीकडे मध्य प्रदेश आणि पश्चिमेला जवळच गुजरात. त्यामुळे स्मारक या कल्पनेचा प्रवास या भागातून पाहिला, तर तो केवळ लष्करी इतिहास राहत नाही.

पहिला मोठा बदल झाला तो नाव दगडावर आले तेव्हा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने कोरेगाव भीमा येथे जयस्तंभ उभारला. तो कंपनीच्या विजयाचा स्तंभ होता, पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि कंपनीच्या विजयस्तंभाचा अर्थ त्या नावांच्या वारसांसाठी पार पालटला. ज्यांची नावे एरवी कोणी लिहून ठेवली नसती, ती तेथे सर्वांना वाचता येत होती. कोरलेले नाव पुढच्या काळात काय काम करील, हे कोरणाऱ्याच्या हातात राहत नाही, याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात मेले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द तेव्हापासून कायमचा जोडला गेला. या पाट्यांवर आकडा आहे आणि नावे नाहीत. जयस्तंभाच्या शंभर वर्षांनंतरची ही पाटी एक पाऊल मागे गेलेली दिसते.

त्याच काळात युरोपात मात्र उलट विचार पक्का होत होता. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने ठरवले की कोणाचाही मृतदेह घरी नेला जाणार नाही, आणि सेनापती असो वा साधा शिपाई, सर्वांचा दगड सारखाच असेल. या दगडांभोवती हिरवळ आणि फुलझाडे लावायची, म्हणजे आप्तांना तेथे बागेत आल्यासारखे वाटावे, हेही तेव्हाच ठरले. शोक करण्यासाठी मुद्दाम आखलेली बाग ही कल्पना इथून रूढ झाली. पुण्यातील खडकीची युद्ध स्मशानभूमी तिचाच नमुना आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक तेथे दफन आहेत. पहिल्या युद्धाच्या काळात भारतात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी ठिकठिकाणच्या दफनभूमींत विखुरल्या होत्या, अशा १,८०० हून अधिक सैनिकांचे स्मारकही तेथेच आहे. सरळ रांगा, कापलेली हिरवळ, दगडाच्या पायथ्याशी फुलांचे वाफे. पाहणारा आपोआप हळू चालू लागतो आणि एकेक नाव वाचू लागतो.

समतेचे हे तत्त्व भारतीय सैनिकांपर्यंत पुरते पोचले नाही. हिंदू व शीख सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांची नावे भिंतीवर कोरण्याची पद्धत पडली. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर भारतीयांची ४,७०० हून अधिक नावे आहेत. पण आशिया व आफ्रिकेतील असंख्य सैनिकांच्या वाट्याला दगडही आला नाही आणि नावही आले नाही. त्याच कमिशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कबुली दिली की किमान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, सैनिकांची नावाने आठवण ठेवलीच गेली नाही. ही चूक मान्य व्हायला शंभर वर्षे लागली, हे विसरून खडकीच्या हिरवळीवरून फिरता येत नाही.

स्वातंत्र्यलढ्याने मराठीला ‘हुतात्मा’ हा शब्द दिला. सावरकरांनी रूढ केलेल्या या शब्दात यज्ञाची आहुती आहे, शस्त्र नाही. जो कोणाला न मारता मेला त्यालाही हा शब्द सामावून घेतो, आणि इथेच स्मारकाची कल्पना सैनिकाच्या पलीकडे गेली. शहाद्याच्या माणसाला याचे सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे नंदुरबारचा माणिक चौक. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता पडला, आणि त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्याम शहा. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. सोळावे वर्ष पुरे झाले नव्हते. ना पोशाख, ना हुद्दा, ना हत्यार. माणिक चौकातले स्मारक भर बाजारपेठेत आहे. भोवताली दुकाने आणि वर्दळ. तिथे बागेची शांतता नाही, आणि ते योग्यच आहे. ही मुले ज्या रस्त्यावर मेली त्याच रस्त्यावर गाव आजही खरेदी-विक्री करते, आणि दगड त्या व्यवहाराच्या मधोमध उभा आहे.

दुसरे ठिकाण डोंगराच्या पायथ्याशी आहे. तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांनी आप धर्माची शिकवण दिली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, एकत्र आरती करा, असे ते सांगत. ज्या माणसाला सावकार आणि सरकार दोघेही अरेतुरेच करत होते, त्याने शेजाऱ्याला ‘आप’ म्हणणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १९३८ मध्ये महाराज वारले आणि बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे जमलेल्या आदिवासींवर ब्रिटिशांच्या पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १५ जण मेले आणि २८ जखमी झाले, असे सांगितले जाते. तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आहेत, आणि दरवर्षी २ मार्चला लोक तेथे जमतात. वीरगळावर शिल्पकाराने लढाई कोरली. इथे ज्याने मारले त्याच्याच गोळीने दगड कोरला. तरीही माणिक चौकातील पाच नावे शाळकरी मुलेही सांगतील, आणि रावलापाणीचा उल्लेख मात्र बहुधा आकड्यानेच होतो. संगमरवरी पाट्यांचे उणे इथेही उरले आहे.

स्वातंत्र्यानंतर हुतात्मा शब्दाचा पैस आणखी वाढला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पडलेल्यांसाठी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ उभे केलेले शिल्प ना राजाचे आहे ना सेनापतीचे. शेतकरी आणि कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, राज्यभर सुमारे दोनशे हुतात्मा स्मारके बांधण्याची योजना निघाली. प्रत्येक ठिकाणी छोटी इमारत, सभागृह, भोवती बाग. हेतू मोठा होता: स्मारक हे नुसते पाहण्याचे नव्हे तर वापरण्याचे ठिकाण व्हावे, तिथे वाचनालय चालावे, सभा भरावी. जिथे गावाने ते मनावर घेतले तिथे तसे झाले. इतर ठिकाणी दाराला कुलूप आणि अंगणात गवत अशी स्थिती आली. इमारत शासन बांधून देऊ शकते. बागेला पाणी गावालाच घालावे लागते.

सेवेत मेलेल्या बिनलष्करी माणसाला दगडावर जागा मिळण्याची सुरुवात महाराष्ट्रात एका भयंकर दुपारी झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागली. जहाजात कापूस होता आणि स्फोटकेही. अग्निशमन दलाचे जवान पाण्याचे फवारे घेऊन आग विझवत असतानाच, चारच्या सुमारास, जहाज फुटले. ६६ जवान गेले. त्यांचे स्मारक भायखळ्याच्या मुख्यालयात आहे, आणि १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पोलिसांचा स्मृतिदिन २१ ऑक्टोबर. १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस मारले गेले. राष्ट्रीय पोलीस स्मारकाला मात्र २०१८ उजाडावे लागले. गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांचे स्मारक आहे. साताऱ्याच्या केडंबे गावचा हा सहायक फौजदार आधी लष्करात होता, नंतर पोलिसात आला, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवून तो मेला. लष्करी आणि नागरी अशी सेवेची वाटणी त्या एका आयुष्यात मिटून जाते.

या दोन्ही सेवांना एकाच आवारात, झाडांच्या सोबतीने आठवायचे, ही कल्पना सर्वांत विस्ताराने आखली गेली ती इंग्लंडात. स्टॅफर्डशायरमधील अल्रेवास येथे वाळू-खडी काढून सोडलेल्या १५० एकर जमिनीवर २००१ साली नॅशनल मेमोरियल आर्बोरिटम सुरू झाले. तेथे तीस हजारांच्या आसपास झाडे आहेत, आणि त्यांच्यामध्ये सैन्य, पोलीस, अग्निशमन दल, समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारे स्वयंसेवक अशा सगळ्यांची स्मारके. पोलिसांच्या मार्गावर हॉर्स चेस्टनटची झाडे आहेत, कारण तिथल्या पोलिसांचे जुने दंडुके त्याच लाकडाचे असत. एका कोपऱ्यात डोळे बांधलेल्या तरुण सैनिकाचा पुतळा आहे आणि त्याच्यामागे लाकडी खुंट. पळपुटेपणाच्या वा भित्रेपणाच्या आरोपाखाली पहिल्या महायुद्धात स्वतःच्याच सैन्याने पहाटे गोळ्या घातलेल्या सैनिकांचे ते खुंट आहेत. ज्याचे धैर्य अपुरे पडले त्यालाही स्मारकात जागा देणे हे या साऱ्या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल मानावे लागेल.

भारतात हा विचार दोन ठिकाणी ठळक दिसतो. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, चार वर्तुळे आहेत: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र. त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या विटांवर २५ हजारांहून अधिक नावे आहेत, प्रत्येक विटेवर एकाचे. आणि सर्वांत बाहेरचे रक्षक चक्र दगडाचे नसून झाडांच्या रांगांचे आहे. दुसरे भुजचे स्मृतिवन. २००१ च्या भूकंपात मेलेल्यांसाठी भुजिया डोंगरावर लावलेल्या या वनात पाणी अडवणारे बंधारे आहेत आणि त्या बंधाऱ्यांवर मृतांची नावे. नावाखाली साठलेल्या पाण्यावर झाड वाढते. कच्छच्या कोरड्या डोंगरावर याहून अर्थपूर्ण रचना सुचणे कठीण आहे.

शहाद्यात असे एखादे स्मृतिवन आखायचे म्हटले तर पहिला प्रश्न नावांचा येईल. सैनिक आणि पोलीस यांच्याबद्दल मतभेद होणार नाही. पण याच तालुक्यात २ मे १९७१ रोजी पाटीलवाडी येथे एक आदिवासी मारला गेला, आणि त्यातून अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांची भूमिहीनांची, सालदारांची चळवळ उभी राहिली. रात्रंदिवस राबणाऱ्या सालदाराचे श्रम, त्याच चळवळीत गावोगाव दारूची मडकी फोडणाऱ्या बायकांचे धैर्य, ही सेवा की नव्हे? माणिक चौक आणि फ्लोरा फाउंटन यांनी जे दार उघडले, त्यातून त्यांनाही आत यावेच लागेल. खाज्या नाईकाचे नावही तेथे लागेल. सेंधवा घाटाच्या राखणीसाठी कंपनीच्या पगारावर असलेला हा भिल्ल नाईक १८५७ मध्ये कंपनीविरुद्ध उठला. त्याची चाकरी आणि त्याचे बंड एकाच घाटात झाले.

दुसरा प्रश्न झाडांचा आहे, आणि तो तितकाच खरा आहे. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांच्या वर जातो. खडकीसारखी हिरवळ इथे टँकरवरच जगेल. अंजन, मोह, पळस, सादडा, कडुनिंब ही इथली झाडे मुरमाड जमिनीत तग धरतात. अंजन तर खडकाळ माळावर आणि कमी पावसातही उभा राहतो. मृगाच्या पावसानंतर खड्ड्यात लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला पाणी आणि गुरांपासून काटेरी कुंपण लागते. त्यापुढे ते स्वतःचे स्वतः पाहते. मोहाखाली माणसे तशीही जमतात, फुले वेचायला, सावलीला, पंचायतीला. आणि २ मार्चला रावलापाणीला जाणाऱ्या वाटेवर पळस आपोआपच फुललेला असतो.