साडेतीन ओळी

रात्री अकरानंतर कोन फाट्यापासून सावळ्याच्या रस्त्याला कंटेनर लागायला सुरुवात होते. जेएनपीटीचा माल, रसायनीकडचे टँकर. ड्रायव्हर केबिनमध्ये आडवे होतात आणि टाकीतल्या डिझेलला पाय फुटतात. अशाच एका रात्री डिझेलचोरीच्या संशयावरून एकोणीस वर्षांच्या एका क्लीनरला पोलिसांनी उचललं. ‘उचललं’ हाच शब्द खरा, कारण अटक म्हणावी असं कागदावर काही झालंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोराला सोडलं तेव्हा त्याचा डावा हात कोपरातून हलत नव्हता. त्याची आई गिरणी कामगारांना 2016च्या सोडतीत लागलेल्या कोनच्या उंच इमारतींत धुणीभांडी करायची. ती त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली.

त्यानंतर आठ महिन्यांनी एक हवालदार नानांच्या ओट्यावर येऊन बसला. नाना म्हणजे कोनचे वकीलनाना. पनवेलच्या कोर्टात चाळीस वर्षं फौजदारी केलेली, आणि त्यातले निम्मे अशील खाकीतलेच. कुणी लाचेच्या सापळ्यात सापडलेला, कुणी खातेनिहाय चौकशीत अडकलेला. हवालदार गावातलाच, नात्याने नानांचा लांबचा भाचा.

“नाना, उच्च न्यायालयाची नोटीस आलीय. पोराच्या आईने रिट टाकलंय. माझं नाव तीन नंबरला.”

“एकला कोण?”

“महाराष्ट्र शासन. दोनला साहेब. आणि चारला ती नवी पोरगी, ठाणे अंमलदाराची मदतनीस. त्या रात्री स्टेशन डायरी तिच्याकडे होती.”

नोटीस हातात असूनही हवालदार तसा निवांत होता. ग्रुपवरच्या मित्रांनी त्याला कायदा पढवला होता. पोलीस अधिनियमाचं कलम 161. ड्युटीच्या नावाखाली काही घडलं असेल तर दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा, त्याआधी महिन्याभराची नोटीस द्यायची. इथे तर आठ महिने उलटले होते.

नाना अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मान वर न करताच म्हणाले, “दावा आहे कुठे हा? ही घटनेच्या कलम 226ची याचिका आहे. ओडिशातल्या नीलाबती बेहरांनी तर न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं होतं. बावीस वर्षांचा मुलगा चौकीत नेला, दुसऱ्या दिवशी प्रेत रेल्वे रुळावर. पोलीस म्हणाले, पळून गेला होता. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आईला दीड लाख भरपाई देवविली आणि सांगून टाकलं, मूलभूत हक्काच्या बाबतीत सरकारला सार्वभौमत्वाच्या आड लपता यायचं नाही.”

“पण शासनाच्या मंजुरीशिवाय आमच्यावर खटला चालत नाही.”

“चालत नाही, बरोबर. पूर्वी दंडप्रक्रिया संहितेचं कलम 197 होतं, आता नव्या संहितेत 218. पण आता 120 दिवसांत सरकारने काही ठरवलं नाही तर मंजुरी दिली असंच धरतात. आणि हे छत्र कर्तव्य बजावताना झालेल्या कृत्यावर असतं, बाबा. त्या रात्री तू कोणतं कर्तव्य बजावत होतास? अटक केलीस? मग अटकेचा फॉर्म काढ.”

हवालदार काही बोलला नाही.

“पंचाची सही? घरच्यांना कळवल्याची नोंद? मेडिकल? डी. के. बसूच्या निकालात 1996 सालीच हे सगळं सांगून झालंय. अंगावर लहानमोठी जखम असेल तर ती लिहून काढायची, त्यावर धरणाऱ्याची सही, धरलेल्याची सही. पोलीस ठाण्यात तो तक्ता भिंतीवर लावलेला असतो. तुमच्याकडेही असेल, बहुधा कॅलेंडरच्या मागे.”

“साहेब तोंडी म्हणाले, नोंद नको. सकाळी सोडून देऊ म्हणाले.”

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. पोलिसांच्या चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, त्यांनाच ठाऊक. तोंडी आदेशाची गंमत अशी की तो देणाऱ्याच्या तोंडातून निघतो आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतो, मध्ये कुठे त्याचा ठसा राहत नाही.

“आणि सरकार पाठीशी असतं म्हणून तू निर्धास्त आहेस. असतंही. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीच्या कोठडीतल्या मृत्यूत उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितला, तर सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2025च्या जुलैत तिथूनही नकार आला. कोठडीतल्याच ख्वाजा युनूसचं ऐक. 2003. पोलीस म्हणाले, जीप उलटली आणि तो पळाला. सीआयडीने ते खोटं ठरवलं, चौदा पोलिसांवर बोट ठेवलं, सरकारने मंजुरी दिली चौघांपुरती. चौघे सुटलेही नाहीत आणि दोषीही ठरले नाहीत, वीस वर्षं उलटून गेली तरी निकाल नाही. बाकीच्या दहांचं नशीब आपल्याला लागेल, असं त्या प्रत्येकाला वाटलं असेल.”

मग नानांनी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. 1947च्या सप्टेंबरात अमृतसरचा एक सराफ मेरठला उतरला. पोलिसांनी त्याला संशयावरून अडवलं, जवळचं 103 तोळ्यांच्या वरचं सोनं आणि चांदी जप्त केली. असा ऐवज कसा जपायचा याचे नियम होते, ते धाब्यावर बसवून सोनं ठाण्याच्या मालखान्यात पडून राहिलं. मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलने ते उचललं आणि तो थेट पाकिस्तानात गेला. सराफाने सरकारवर दावा लावला. निकाल दिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या माणसाने. पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला, आणि जप्ती हा सार्वभौम अधिकार म्हणून सरकारला सोडलं. सराफाला सोनं मिळालं नाही. हा निकाल गजेंद्रगडकरांनाही रुचला नव्हता, हा कायदा बदला असं त्यांनी त्या निकालातच लिहून ठेवलं.

“सरकार सुटलं ना मग?”

“तेव्हा सुटलं. आज सुटत नाही. आणि भरपाई भरल्यावर ती तुझ्या पगारातून वसूल करायची मुभाही कोर्ट सरकारला देतं.”

(अमेरिकेत वाटतं तितकं निराळं नाही. तिथे पोलिसांसाठी ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ नावाची मोठी ढाल आहे. तरी पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला मिनियापोलिस शहराने 2021 साली 2 कोटी 70 लाख डॉलर मोजले. पैसे शहराने भरले, तुरुंगात गेले ते पोलीस.)

“तुझं वकीलपत्र मी घेतो,” नाना म्हणाले. “अट एकच. प्रतिज्ञापत्रात घडलं ते लिहायचं. नोंद नको म्हणून कुणी सांगितलं, तेही.”

“साहेबांचं नाव घालू? नाना, मला अजून सहा वर्षं नोकरी करायचीय.”

तो उठला आणि गेला. पुढे साहेबांनीच दिलेल्या वाशीच्या वकिलाकडे दोघांचं मिळून एक प्रतिज्ञापत्र तयार झालं: पोराला चौकशीसाठी बोलावलं होतं, लगेच सोडलं, जाताना कंपाउंडच्या भिंतीवरून तो पडला. कॅमेरे दुरुस्तीला गेले होते. त्यावर न्यायमूर्तींनी विचारलं, की सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली चित्रण अठरा महिने जपायला सांगितलंय, मग बिघाडाची तक्रार कोणत्या तारखेची? तारीख निघाली नाही.

निघाली ती स्टेशन डायरी.

त्या मदतनीस मुलीला ठाण्यात सगळे ‘कारकून’ म्हणायचे. पाणी प्यायला उठली तरी लिहील, अशी तिची टिंगल. त्या रात्री अंमलदार राउंडला गेले होते, डायरी तिच्यासमोर होती आणि तिने लिहिलं होतं: 23.40 वाजता अमुक हवालदार यांनी अमुक इसमास आणून बसविले. अमुक साहेबांचे तोंडी आदेशाने नोंद करू नये असे सांगितले. इसमाचे अंगावर दिसून येणारी जखम नाही. आईस फोनने कळविले. साडेतीन ओळी. सकाळी साहेबांनी पान फाडायला सांगितलं, पण पानांवर छापील नंबर होते. आठवड्याने तिची ड्युटी शस्त्रागारात लागली.

या नोंदीने ती सुटली. आणि ‘जखम नाही’ या तिच्या दोन शब्दांनी हवालदार बुडाला, कारण मग हात मोडला तो रात्री 23.40 नंतर, ठाण्याच्या आत. मला मात्र एक गोष्ट टोचते. लिहिलं म्हणजे थांबवलं, असं होत नाही. ती सकाळी आठला घरी गेली आणि पोरगं आणखी एक रात्र आतच राहिलं. न्यायालयाने तिला तेही विचारलं होतं. तिने मान खाली घातली.

डायरी पुढे आली तसं साहेबांनी वकील बदलला आणि वेगळं प्रतिज्ञापत्र दिलं. पोराला हवालदाराने परस्पर आणलं, आपल्याला कल्पना नव्हती, असं त्यात होतं. हवालदार पुन्हा नानांच्या ओट्यावर आला. या वेळी त्याच्या हातात सही केलेलं कोरं वकीलपत्र होतं. नानांनी ते घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाले, “आता बोल. पहिल्यापासून. वेळेसकट.” दोन तास तो सांगत होता. नाना स्वतःच्या हाताने लिहीत होते, मध्ये एकदाच थांबले, सुपारी संपली म्हणून.

खरं प्रतिज्ञापत्र उशिरा का होईना गेलं. त्याने हवालदार सुटला नाही, पण एकटाही अडकला नाही. भरपाई आधी सरकारने भरावी, मग चौकशी करून दोघांकडून वसूल करावी आणि दोघांवर गुन्हा नोंदवावा, असा आदेश झाला. चार नंबरचं नाव याचिकेतून वगळलं. आदेशात डायरीची ती नोंद जशीच्या तशी उतरवून घेतली आहे.

हवालदाराच्या पगारातून आता दर महिन्याला हप्ता कापला जातो. पोराचा हात अजून कोपरातून नीट हलत नाही, ट्रकवर त्याला कुणी घेत नाही. ती मुलगी अजून शस्त्रागारातच आहे.