बसलेल्या माणसाचे माप

दक्षिण सुदानातून १९८३ साली अमेरिकेत आलेल्या एका डिंका तरुणाच्या पारपत्रावर उंचीच्या रकान्यात पाच फूट दोन इंच अशी नोंद होती, असे सांगतात. आणि समोर उभ्या राहिलेल्या साडेसात फुटांच्या देहाशी या नोंदीचा मेळ कसा घालावा असे विचारणाऱ्यांना, माप घेतले तेव्हा मी बसलो होतो, असा खुलासा तो शांतपणे करीत असे. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, कारण मनूट बोल हा मोठा मिस्कील गृहस्थ होता. परंतु गुरे राखणाऱ्या एका पोराला माप घेण्यापुरते उभे करण्याचीही तसदी न घेणारे दप्तर मला मुळीच असंभवनीय वाटत नाही. त्याच्या जन्मतारखेचीही तीच कथा आहे. जन्माचा दाखला नव्हताच. १६ ऑक्टोबर १९६२ ही तारीख आपणच घालून दिली, असे अमेरिकेतील एका प्रशिक्षकाने पुढे कबूल केले. मास्तरांनी शाळेच्या पटावर सरसकट १ जून लिहून टाकलेली पिढी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

अमेरिकेने मात्र त्याला नीट उभे करून मोजले. माप सात फूट सात इंच भरले आणि १९८५ साली वॉशिंग्टन बुलेट्स संघाने त्याला एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत रुजू करून घेतले. दोन वर्षांनी त्याच संघात पाच फूट तीन इंचांचा मग्सी बोग्स आला, तेव्हा या दोघांना शेजारी उभे करून काढलेली छायाचित्रे घरोघरी गेली, आणि सर्कशीच्या तंबूबाहेर लावलेल्या चित्राकडे पाहावे त्या नजरेने लोक ती पाहू लागले. वस्तुतः खेळाडू म्हणून त्याचा हिशेब गंभीरपणे वाचण्यासारखा आहे. पहिल्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांनी टोपलीकडे फेकलेले ३९७ चेंडू त्याने हवेतच अडवले. दहा हंगामांच्या अखेरीस अडवलेल्या चेंडूंची संख्या २,०८६ झाली आणि स्वतः मिळवलेले गुण भरले अवघे १,५९९. स्वतःच्या नावावर जमा करण्यापेक्षा दुसऱ्यावर येणारे संकट टाळण्यातच ज्याची कारकीर्द खर्ची पडली, अशा माणसाचे मोल गुणफलक कोणत्या रकान्यात दाखवणार?

हीच रीत त्याने पैशाच्या बाबतीतही चालवली. १९८३ पासून सुदानात पेटलेल्या यादवीत, जी २००५ पर्यंत चालली आणि जिने सुमारे २० लाख माणसे गिळली असे मानले जाते, त्याचे शेकडो आप्त मारले गेले. तेव्हा मिळकतीतला बहुतेक पैसा, सुमारे ३५ लाख डॉलर असा अंदाज केला जातो, त्याने निर्वासितांसाठी आणि दक्षिणेच्या मुक्तिसेनेसाठी पाठवून दिला. निवृत्तीनंतर तो सुदानात परतला असता खार्टूमच्या सरकारने क्रीडामंत्रिपद देऊ केले, पण धर्मांतराची अट घातली म्हणून आपण ते नाकारले, असे तो सांगत असे. देशाबाहेर पडणे त्याला दुष्कर झाले, आणि २००२ साली निर्वासित म्हणून पुन्हा अमेरिकेत पोहोचेपर्यंत तो सर्वस्वी निष्कांचन झाला होता.

यापुढचा भाग सभ्य माणसांना अवघड वाटतो. दूरचित्रवाणीवरील एका उथळ कार्यक्रमात, विल्यम पेरी नावाच्या अवाढव्य माजी फुटबॉलपटूशी मुष्टियुद्ध करण्यास हा माणूस उभा राहिला. बर्फावरच्या हॉकीशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता, त्याने एका संघाचा गणवेश एका दिवसापुरता चढवला. आणि घोड्यावर बसला तर पाय जमिनीला लागतील की काय अशी शंका यावी, अशा देहावर जॉकीचा पोशाखही घालून दाखवला. मुष्टियुद्धासाठी त्याची अट एकच होती: सुदानी मुलांसाठी काढलेल्या त्याच्या संस्थेचा दूरध्वनी क्रमांक पडद्यावर दाखवला पाहिजे. तो दाखवला गेला. लोक हसले आणि काहींनी पैसे पाठवले.

आपल्या मनातील दात्याची मूर्ती अंगावर शाल पांघरलेली असते, आणि तिच्या पाठीमागे बहुधा संगमरवरी पाटी असते. ज्याने द्रव्य दिले त्याने प्रतिष्ठाही राखली पाहिजे, किंबहुना देण्याने ती वाढली पाहिजे, असा आपला अलिखित करार असतो. माणसाने आपले हास्यास्पद होणे विकावे काय, हा प्रश्न मला पूर्वी सोपा वाटत असे आणि मी त्याचे उत्तर तत्काळ नकारार्थी देत असे. आज देववत नाही. ज्याच्याजवळ द्रव्य संपले, ज्याचे गुडघे आणि मनगटे संधिवाताने जखडली, आणि ज्याच्या देहाकडे जग तसेही कुतूहलानेच पाहणार होते, त्याने त्या कुतूहलावर जकात बसवून ती आपल्या लोकांकडे वळती केली, तर त्यात उणेपणा नेमका कोणाचा, हे मला ठरवता येत नाही.

मात्र त्याला देवळात बसवण्याचीही मला घाई नाही. लढणाऱ्या सेनेच्या खजिन्यात धान्याची आणि काडतुसांची खाती वेगळी राहत नसतात. आणि ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानात २०१३ च्या डिसेंबरात त्याच सेनेचे दोन तुकडे होऊन डिंका आणि नुएर या जमाती एकमेकांवर उठल्या, गावे जळली. बोल हे पाहायला नव्हता. २०१० साली तुरालेई या आपल्या गावी शाळा उभारण्याच्या खटपटीत असताना निवडणुकीसाठी त्याने मुक्काम लांबवला, आजारी होऊन परतला आणि १९ जून रोजी व्हर्जिनियात वारला. ती शाळा ख्रिस्ती आणि मुसलमान अशा दोन्ही मुलांसाठी होती, आणि ज्या दारफुरचे अनेक शिपाई एकेकाळी दक्षिणेवर चालून आले होते, त्या दारफुरच्या पीडितांसाठीही तो बोलत असे. दिलेल्या दानाचे पुढे काय झाले याचा जाब दात्याला कुठवर विचारावा? थोडाफार विचारावाच, असे माझे मत आहे. परंतु ज्यांनी काहीच दिले नाही त्यांनी तो विचारताना आवाज चढवू नये.

त्याच्या देण्यातील एक खाते मात्र निर्विवाद जमेचे आहे. इजिप्तमध्ये आश्रयाला आलेल्या एका माजी सुदानी मंत्र्याच्या मुलांना त्याने बास्केटबॉल शिकवले. त्यांपैकी लुओल डेंग हा पुढे लंडनमार्गे अमेरिकेत गेला, शिकागो बुल्सचा आधारस्तंभ झाला, आणि निवृत्तीनंतर दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष होऊन संघाच्या विमानभाड्यापासून निवासापर्यंतचा खर्च स्वतःच्या खिशातून करू लागला. ज्या देशात छप्पर असलेले एक धड मैदान नव्हते, त्याचा हा संघ २० जुलै २०२४ रोजी लंडनमध्ये अमेरिकेशी खेळला आणि १०१-१०० असा एका गुणाने हरला. शेवटचे आठ सेकंद उरले असताना लेब्रॉन जेम्सला स्वतः धाव घ्यावी लागली, तेव्हा कुठे महासत्तेचा जीव भांड्यात पडला. आठवडाभराने ऑलिंपिकमध्ये पोर्तो रिकोविरुद्ध हे खेळाडू रांगेत उभे राहिले असता ध्वनिक्षेपकावरून राष्ट्रगीत वाजू लागले ते सुदानचे, म्हणजे ज्या राज्यापासून सुटण्यासाठी त्यांच्या बापजाद्यांनी प्राण वेचले त्या राज्याचे. ते थांबवण्यात आले, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, योग्य गीत लागेपर्यंत ते रांगेतच उभे राहिले, आणि मग सामना ९०-७९ असा जिंकला.

त्या रांगेत खामन मालुआच हा सतरा वर्षांचा मुलगा होता; रुंबेकमध्ये जन्मलेला, युगांडात वाढलेला, बोलसारखाच सात फुटांहून उंच. पुढल्या वर्षी ५ एप्रिल रोजी तो ड्यूक विद्यापीठातर्फे महाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध उतरणार, त्याच दिवशी अमेरिकी सरकारने दक्षिण सुदानी पारपत्र धारण करणाऱ्या यच्चयावत माणसांचे व्हिसा रद्द केल्याचा हुकूम काढला. कारण काय, तर परत पाठवलेला एक इसम आपला नव्हेच, त्याचे कागद दुसऱ्याचे आहेत, असे जुबातील दक्षिण सुदानी सरकारने म्हटले होते. एका माणसाच्या कागदाचा तंटा आणि शिक्षा सगळ्यांना! त्या रात्री मालुआचच्या हाती टोपलीवरून परतलेला एकही चेंडू लागला नाही, आणि ड्यूक तीन गुणांनी हरले.

जूनमध्ये ब्रुकलिन येथे एनबीएच्या निवडीत दहाव्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले गेले, तेव्हा तो मुलाखत देताना ढसाढसा रडला. त्याला फिनिक्सच्या संघात जायचे होते, तसा व्यवहार ठरलाही होता. पण कागद अजून पुरे व्हायचे होते, म्हणून त्याच्या डोक्यावर टोपी होती ती ह्यूस्टनची.