सव्वा इंचाचा चौकोन

बसा.

नायगावात आत्ताच उजाडतं आहे. नरसीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याचं एक शेड आहे. शटर अर्धं वर गेलेलं. आत थोडा काळोख अजून शिल्लक. ग्रीसचा वास, गंजाचा वास, काल जळलेल्या वेल्डिंगच्या कांड्यांचा वास.

शेडपुढे एक छोटी मोटार उभी आहे, आपल्याकडे पाठ करून.

त्या पाठीकडेच पाहा.

आज इथे एवढंच व्हायचं आहे. गाडीच्या मागे, बंपरखाली, एक चौकोनी नळी बसायची आहे. नळीत रॅक जाईल, रॅकवर घरातल्या दोन सायकली चढतील.

श्वास आत घ्या. सोडा.

मिस्त्री गोणपाट अंथरतात आणि उताणे होऊन गाडीखाली सरकतात. आता त्यांचे फक्त पाय दिसतात. चपला बाहेर, एकीवर एक.

आपणही मनाने खाली सरकू या.

इथे ऊन पोचत नाही. पावसाळ्यात चिकटलेली काळी माती वाळून खपली झाली आहे. बोटाने खरवडा. खाली पत्रा लागतो, गार.

पत्रा पातळ आहे. ट्रकला खाली जाडजूड चासी असते. छोट्या मोटारीला तशी वेगळी चासी नसते. पत्राच वळवून, दुमडून, जागोजागी जोडून तिचं सगळं अंग घडलेलं असतं. जिथे तो दुमडून पेटीसारखा झाला आहे, तिथे ताकद. गाडीच्या लांबीत जाणाऱ्या अशा दोन बरगड्या आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे.

मिस्त्री हातोडीच्या दांड्याने तळ वाजवतात.

ऐका.

मधोमध वाजवलं की रिकाम्या डब्याचा आवाज. बरगडीवर वाजवलं की आवाज दबका होतो, आखडतो.

पुन्हा ऐका. आधी मधला. मग बरगडीचा.

मिस्त्री तिथेच हात ठेवून थोडा वेळ पडून राहतात. आपणही राहू.

आता एक भरलेली घागर मनात आणा. ती कडेवर घ्या, अंगाला अगदी लागून. जाणवतं तिचं वजन?

तीच घागर हात लांब करून धरा.

पाणी तेवढंच आहे. घागरही तीच. तरी खांदा कापायला लागतो.

दोन सायकली म्हणजे जवळजवळ ३० किलो. रॅक धरून ४५. बंपरच्या पलीकडे, हात लांब केल्यासारखं हे ओझं लटकत राहणार आहे. खड्डा आला की ते वर उसळणार, खाली येणार. ते सगळं त्या दोन बरगड्यांपर्यंत पोचणार. म्हणून मिस्त्री इतका वेळ नुसता हात ठेवून आहेत. मला हा त्यांचा उशीर फार आवडतो.

घागर कडेवर परत घ्या. खांदा सैल सोडा.

आता ती नळी मांडीवर घ्या.

आतून सव्वा इंच. परदेशात मोठ्या गाड्यांना दोन इंची लावतात, छोट्या मोटारींना बहुधा ही सव्वाची. शेडमधल्या मोजमापात दहा सूत. तिच्या दोन्ही बाजूंना आरपार भोक आहे. त्यातून जाणारी पिन चार सूत, म्हणजे अर्धा इंच.

नळी डोळ्याला लावा.

पलीकडे लिंबाची एक फांदी दिसते आहे. चौकोनात मावेल तेवढीच. एक पान हलतं. थांबतं.

त्या पानाबरोबर थांबा.

रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो आहे. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. त्यांच्या सांध्याकडे पाहा. एवढा ऊस, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मध्ये एक उभी पिन. ती करकरते, हलते, वळणावर कलते. सुटत नाही.

आवाज लांब जाऊ द्या.

त्याच्या मागून एक जुना आवाज येतो. जू उचलून धरलेलं आहे. गाडीवान तोंडाने हलकंच काही म्हणतो. शिकलेला बैल आपण होऊन जुवाखाली मान घालतो. मग शिवळ अडकते, जोतं बांधलं जातं. मी लहानपणी हे पाहत उभा राहत असे. बैल मान खाली घालतो, त्याच्या आधीची ती थोडीशी शांतता अजून माझ्या कानात आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

शेडमध्ये काम पुढे सरकलं आहे. नळीच्या आडव्या दांड्याला दोन्ही टोकांना जाड पट्ट्या आहेत. त्या बरगड्यांना बोल्टने बसतात. वेल्डिंग कोपऱ्यात गप्प आहे. ठिणगीच्या आचेने पातळ पत्रा कमजोर होतो. पेटीच्या आतला रंग, आतला लेप जळतो, आणि जिथे कुणाचा डोळा पोचत नाही तिथून गंज धरतो.

म्हणून बोल्ट. आधी सगळे हाताने, चिमटीत धरून. मग पान्याने, पाळीपाळीने. डावा थोडा. उजवा थोडा. परत डावा.

शेवटी टॉर्क पाना. ठरलेल्या ताणाला तो स्वतःच सांगतो.

कट.

मिस्त्री त्यापुढे हात नेत नाहीत.

उरलेल्या बोल्टांचे आवाज तुम्ही ऐका. प्रत्येकानंतर एक श्वास.

कट.

कट.

कट.

आता रॅकचा दांडा नळीत सरकतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखरीत आवाज. थांबतो. गाडीचा मालक वाकून पिन लावायला जातो. पिन जात नाही.

नळीचं भोक आणि दांड्याचं भोक समोरासमोर नाहीत. केसभर फरक. मालक हातोडीकडे पाहतो.

"ठोकू नका," मिस्त्री म्हणतात. "उचला जरासं."

"असं, मामा?"

"जरा आत. थांबा. आता हात सैल सोडा."

तुमचेही हात सैल सोडा. बोटं उघडी. जबडा सैल. कपाळ सैल.

पिनेचं टोक भोकाच्या तोंडाशी आहे.

राहा तिथे.

दांडा आपल्या वजनाने किंचित खाली येतो.

खट.

पिन आरपार गेली आहे. टोकाला क्लिप बसते.

खट झाल्यावर जी शांतता येते, तिच्यात थोडं बसा.

सायकली चढतात. पट्टे ओढले जातात. मिस्त्री दहा पावलं मागे जाऊन गाडीमागे उकिडवे बसतात. नंबराची पाटी पूर्ण दिसली पाहिजे, कायद्यालाही आणि मागून येणाऱ्यालाही. ब्रेक दाबायला सांगतात. सायकलीच्या आऱ्यांच्या बाजूने दोन्ही लाल दिवे उजळतात. विझतात. पुन्हा उजळतात.

गाडी देगलूरकडे निघते. तिथून होट्टलपर्यंत सायकलीवर जायचं आहे. चालुक्यकाळातलं सिद्धेश्वराचं मंदिर तिथे आहे, दगडात दगड बसवून उभं केलेलं. वाटेत बोलू नका. मागचा आवाज ऐका. रॅक खडखडत नाही ना, एवढंच.

संध्याकाळ. गाडी घरी आली आहे. सायकली उतरल्या, भिंतीला टेकल्या. क्लिप निघाली, पिन निघाली, रॅक निघाला. पिनेला ग्रीसचं बोट लावून ती फडक्यात गुंडाळली आहे.

गाडीमागे आता फक्त नळीचं तोंड.

त्याला रबरी झाकण आहे. नाहीतर धूळ भरते. एखादी कुंभारीण माशी चिखलाचं घर बांधून जाते.

झाकण हातात आहे. लावायच्या आधी खाली बसा. जवळ या.

आत पाहा. सव्वा इंचाचा अंधार. दोन्ही बाजूंच्या भोकांतून अंगणातला दिवा थोडा थोडा आत आला आहे.

पाहत राहा.