मीठ घालणाऱ्याचा वाटा

खाल्ल्या मिठाला जागावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुर्योधनाने वाटेवर मांडव घालून पाहुणचार केला, आणि नकुल-सहदेवांचा सख्खा मामा शल्य कौरवांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आपल्या कथा आणि म्हणी खाणाऱ्याला बांधतात. पण वाढणाऱ्याचे काय? एखादा पाहुणा आपल्या घरी जेवला, आपल्या अंगणात त्याने तालीम केली, आणि पुढे दूरच्या गावी जाऊन त्याने कोणाचा प्राण घेतला, तर त्यात वाढणाऱ्याचा वाटा किती? याला उत्तर देणारी म्हण मला तरी आठवत नाही.

हा प्रश्न एकदा एका खेड्यावर येऊन पडला होता. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात आयोवा नावाचे राज्य आहे. त्याच्या सीडार परगण्यात १८५० च्या सुमारास क्वेकर पंथाच्या कुटुंबांनी स्प्रिंगडेल हे गाव वसवले. बरीच मंडळी पूर्वेकडून, ओहायोकडून आलेली. शेजारचे वेस्ट ब्रँचही त्यांचेच. हर्बर्ट हूव्हर हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले गृहस्थ १८७४ साली तिथल्याच एका क्वेकर घरात जन्मले. या लोकांच्या प्रार्थनाघरात वेदी नाही, पगारी पुरोहित नाही. सारे गाव मुकाट बसते. ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून बोलतो आणि खाली बसतो. सभेत हात मोजत नाहीत, सर्वांचा कल एक होईपर्यंत थांबतात. सावकार असो की गडी, दोघांना संबोधन एकच, आणि तेही एकेरी. (आपल्याकडे नुसते एवढे एकच आचरायचे म्हटले तरी केवढी धांदल उडेल!)

त्यांचे दोन नेम होते: शस्त्र धरायचे नाही, आणि माणसाने माणसाचा मालक व्हायचे नाही. शांततेच्या काळात दोन्ही नेम एका घरात सुखाने नांदतात. १८५० च्या कायद्याने मात्र पळून आलेल्या गुलामाला आसरा देणाऱ्यास एक हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद ठेवली, आणि तरीही या गावांची दारे रात्री उघडत राहिली. इथवर पेच नव्हता. दंड सोसणे हे त्यांच्या अहिंसेत बसणारेच होते.

पेच आला तो १८५७ च्या डिसेंबरात. जॉन ब्राउन दहाएक माणसे घेऊन गावात उतरला. या ब्राउनच्या टोळीने आदल्या वर्षी कॅन्ससमध्ये गुलामगिरीच्या पाच पक्षपात्यांना रात्री घराबाहेर ओढून तलवारींनी कापले होते. तो स्वतः जॉन पेंटर या क्वेकराकडे राहिला. त्याची माणसे राहिली ती गावापासून काही मैलांवर, विल्यम मॅक्सनच्या शेतघरात, आणि हा मॅक्सन क्वेकर नव्हता. यात कोणी मुद्दाम काही योजले होते असे मी म्हणत नाही. पण घरात मांस शिजवायचे नाही, अंगणातल्या चुलीवर शिजले तर हरकत नाही, हा आपल्या ओळखीचा तोडगा इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

जानेवारीत ब्राउन पूर्वेकडे गेला. माणसे एप्रिलपर्यंत राहिली. दिवसा आरन स्टीव्हन्स त्यांना लाकडी तलवारी देऊन कवायत शिकवी. संध्याकाळी ते लुटुपुटीचे विधिमंडळ भरवीत आणि त्यात वादविवाद रंगत. बर्फाने कोंडलेल्या खेड्याला याहून मोठी करमणूक कोणती? गावातले तरुण तिथे जाऊन बसू लागले. कॉपॉक घराण्यातले एडविन आणि बार्क्ले हे दोघे भाऊ पुढे ब्राउनला जाऊन मिळाले. बहुतेक गावकऱ्यांची समजूत होती की ही तयारी कॅन्ससच्या संरक्षणासाठी आहे. काही थोड्यांना त्याहून अधिक ठाऊक होते.

या लोकांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. १८५९ च्या फेब्रुवारीत ब्राउन मिसुरीतून सोडवलेली अकरा माणसे आणि वाटेत जन्मलेले एक मूल घेऊन आयोवात आला. त्या सुटकेत एक मालक मारला गेला होता. टेबर नावाच्या गावाने सभा भरवून ठराव केला: पीडितांविषयी आम्हांला सहानुभूती आहे, पण मालमत्ता व प्राण हरण करणाऱ्यांविषयी नाही. ठराव स्वच्छ होता. स्प्रिंगडेलने ठराव केला नाही. माणसांना ठेवून घेतले, जेवू घातले. मार्चमध्ये वेस्ट लिबर्टीच्या स्थानकावरून मालगाडीच्या डब्यात ती शिकागोकडे आणि तिथून कॅनडाकडे गेली. त्या बारा जिवांच्या दृष्टीने कोणते गाव अधिक नीतिमान होते, हे सांगायला तत्त्ववेत्ता नको. १९४२ साली साताऱ्याकडील कितीतरी घरांनी भूमिगतांना भाकरी घातली; त्या प्रत्येक घराला रूळ उखडणे मान्य होते असे थोडेच आहे?

पण दारात उभ्या असलेल्या उपाशी माणसाला वाढणे वेगळे, आणि लाकडी तलवारीच्या जागी उद्या लोखंडी येणार हे दिसत असताना चार महिने वाढत राहणे वेगळे. दुसऱ्या बाबतीत ‘मी फक्त भाकरी दिली’ हे वाक्य तोकडे पडते. हे गावातल्या काहींना तेव्हाच जाणवले. मोझेस व्हार्नी या क्वेकराला ब्राउनचा बेत ठाऊक होता, आणि या माणसांचे प्राण कसे वाचवावे या चिंतेने तो अस्वस्थ होता. त्याच्याकडून ऐकून डेव्हिड ग्यू या तरुणाने १८५९ च्या ऑगस्टमध्ये युद्धमंत्री फ्लॉइडला निनावी पत्र लिहिले. पहारा वाढला तर ब्राउन माघार घेईल, अशी अपेक्षा. ज्याला घास दिला त्याचे गुपित फोडायचे, आणि तेही व्हर्जिनियाच्या, गुलामगिरीच्या पक्षातल्या मंत्र्याकडे! हा विश्वासघात होता यात शंका नाही. तरीही त्या साऱ्या प्रकरणात आपला वाटा ओळखून वागलेली माणसे मला हीच वाटतात. पत्रात शस्त्रागार मेरीलँडमध्ये असल्याचे लिहिले होते. तिथे तसे शस्त्रागार नव्हते. मंत्र्याने पत्र बाजूला टाकले.

१६ ऑक्टोबरच्या रात्री व्हर्जिनियातील हार्पर्स फेरीवर हल्ला झाला. ब्राउन धरून बावीस जण. त्यांतले सहा त्या हिवाळ्यात मॅक्सनकडे जेवलेले. हल्लेखोरांच्या गोळीने पहिला मेला तो हेवर्ड शेफर्ड, रेल्वेवर काम करणारा एक स्वतंत्र काळा माणूस. गावचा नगराध्यक्ष बेकहॅम निःशस्त्र होता. त्याला लागलेली गोळी एडविन कॉपॉकची, असे मानले जाते. ब्राउनला २ डिसेंबरला फाशी झाली, एडविनला १६ डिसेंबरला.

बार्क्ले निसटून स्प्रिंगडेलला आईकडे परतला. त्याला पकडून नेण्यासाठी व्हर्जिनियाचा माणूस आयोवात आला, तेव्हा राज्यपाल कर्कवुडने कागदपत्रांतले दोष दाखवून त्याला परत पाठवले. तोवर गावातली तरुण पोरे बार्क्लेच्या भोवती रात्रंदिवस पहारा देत होती. त्यांच्या हातांत बंदुका होत्या.