ऐब कोणी सांगायचा?

आमच्या घरासमोर कडुलिंबाखाली एक छोटी विजेवरची गाडी उभी असते. ती बंद पडलेली नाही. रात्रभर चार्जिंगला लावली की सकाळी मुकाट्याने चालते. पण कुठवर चालेल हे तिचे तिलाच ठाऊक. घरापासून होटगी रोडला जाऊन परतायचे म्हटले तरी मी पत्नीला सांगून निघतो. काटा चाळीस टक्के दाखवत असतो आणि आसरा चौकाच्या चढाला गाडी अचानक मान टाकते. मागचे लोक हॉर्न वाजवतात, आणि मी खाली उतरून ढकलू लागतो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी हा व्यायाम परवडत नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात मी ही गाडी जुन्या बाजारातून घेतली. पेट्रोल शंभरीपार गेले होते, आणि धूर नाही, आवाज नाही, इंजिन ऑइल नाही, याचे मला आकर्षण होते. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही. या कथेत तिचा दोष नाही, आणि असला तरी मला तिच्याविषयी बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते ही गाडी ज्या हातांमधून माझ्यापर्यंत आली त्या हातांविषयी. त्यातला शेवटचा हात माझाच आहे.

आधी दुखणे काय ते सांगतो. अशा गाडीची बॅटरी म्हणजे एक डबा नसतो. त्यात अनेक सेल एकामागून एक, माळेतल्या मण्यांसारखे जोडलेले असतात. सगळ्यांतून वाहणारा प्रवाह एकच. त्यातला एखादा सेल दुबळा असला की तो सर्वांआधी रिकामा होतो, आणि त्याचे नुकसान होऊ नये म्हणून आतला नियंत्रक सगळी माळच तोडून टाकतो. बाकीचे सेल भरलेले असतात, पण त्यांचा उपयोग शून्य. नवी बॅटरी घ्यावी तर तिची किंमत मी गाडीसाठी मोजलेल्या पैशांपेक्षा जास्त. म्हणून वाटले, निदान हा सेल असा का झाला ते तरी शोधावे.

आरसीवर मी तिसरा मालक. म्हणजे माझ्याआधी दोघे. एवढे सरकार सांगते. बाकीचे गाडीने सांगितले. सीटखाली पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरचे एक बिल सापडले. एकदा स्टेपनी काढली तेव्हा तिच्या खोबणीत बारीक काळपट गाळ बसलेला दिसला. आमच्याकडची धूळ अशी नसते. मग एका ओळखीच्या ड्रायव्हरने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायला सांगितला. नेहमी गुंडाळून आत राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रंगाची सरळ रेघ होती. पाणी किती वर चढले होते त्याची ती खूण.

बिलावरच्या पत्त्यावरून पुण्याच्या पहिल्या मालकिणीपर्यंत पोचलो. निवृत्त डॉक्टर बाई. त्यांनी २०१६ साली गाडी नवी घेतली, घर ते दवाखाना एवढीच चालवली, आणि २०१८ साली मुलाकडे परदेशी जाताना विकली. फोनवर त्यांनी मलाच विचारले, ‘अजून चालते का हो ती?’ आवाजात माया होती. त्यांनी सांगलीच्या एका कापड व्यापाऱ्याचे नाव दिले.

सांगली म्हटल्यावर पुढचे मला न सांगताच कळले. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत घुसले तेव्हा ही गाडी त्यांच्या इमारतीच्या तळघरात होती. पाणी उतरेपर्यंत तिथेच राहिली. व्यापारी गृहस्थ लिंगायत, मोकळे बोलणारे. म्हणाले, ‘दुकानातलं कापड गेलं, गाडीचं काय घेऊन बसलात! मी एजंटला स्पष्ट सांगितलं, ही पुरातली गाडी आहे. भंगाराच्या भावानं दिली. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या आणि सुटलो.’

इथे साखळी तुटली. २०१९पासून २०२२पर्यंत गाडी कोणाकडे होती? कागदोपत्री सांगलीकरांकडेच. प्रत्यक्षात ती एका दलालाकडून दुसऱ्याकडे, तिथून सोलापूरच्या तिसऱ्याकडे फिरत होती, आणि यातल्या एकाचेही नाव कुठेच नाही. मोटार वाहन कायदा सांगतो की गाडी विकली की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावे. कोऱ्या सहीचा फॉर्म हाती असला की मधल्या माणसाला हा कायदा शिवत नाही. जुन्या गाड्यांच्या दलालांना नोंदणीच्या कक्षेत आणणारा नियम केंद्र सरकारने केला तो डिसेंबर २०२२मध्ये. माझा सौदा त्याआधीच होऊन गेला होता.

हे सगळे जुळवताना मला वारंवार हदीसशास्त्राची आठवण येत होती. आपल्या मुहद्दिसांनी एकेका कथनामागची सनद तपासली. कोणी कोणाकडून ऐकले, दोघांची भेट झाली होती का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खरे बोलणारा होता का, हे पाहिले. त्यासाठी हजारो रावींची चरित्रे नोंदवून ठेवली. मजकूर कितीही सुंदर असो, मधला एक दुवा गळालेला असेल तर ती सनद तुटलेली, कथन कमजोर. ज्या उम्मतीने शब्दांसाठी एवढी दक्षता घेतली, त्या उम्मतीतला माणूस गाडी घेताना मात्र फक्त रंग पाहतो आणि भाव पाडतो. हे मी माझ्याविषयीच बोलतो आहे.

आता त्या गोष्टीकडे येतो जिने मला झोप लागू दिली नाही. सोलापूरच्या दलालाने गाडी कोणाकडून दुरुस्त करून घेतली, याचा शोध घेत गेलो आणि पोचलो आमच्याच मोहल्ल्यातल्या मिस्त्रीपाशी. वीस वर्षांची ओळख. जुम्म्याला आम्ही बहुधा एकाच सफेत उभे राहतो. त्याने नाकारले नाही. गाडीतला गाळ त्यानेच धुतला होता. बॅटरीच्या जोडपट्ट्यांवर चढलेली हिरवी बुरशी घासून काढली होती, दोन पट्ट्या बदलल्या होत्या. दलालाला त्याने सांगितलेही होते की दोन सेल जाणार. दलाल म्हणाला, चालू करून दे, बाकी माझे काम.

‘फिर मेरेकू क्यूँ नै बोले?’ मी विचारले.

‘सर, तुमने पूछेच नै,’ तो म्हणाला. थोडा वेळ हातातला पाना पुसत राहिला. ‘और मैं बोलता, तो वो मेरेकू काम देता क्या?’

मला त्याच्यावर रागावताही येईना. आठवले ते एवढेच की गाडी घेतल्यावर पहिल्या ईदला ईदगाहबाहेर त्याने ती पाहिली होती, आणि माझ्या गळ्यात पडून मुबारकबाद दिली होती.

कायदा त्याच्या बाजूला आहे, निदान विरोधात नाही. १८७२च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात एक उदाहरण दिले आहे. कोणी लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत असते, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे, असे कायदा म्हणतो. लगेच पुढचे उदाहरण आहे: घेणारी व्यक्ती जर विकणाऱ्याचीच, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे त्याने बोललेच पाहिजे. म्हणजे परक्यापुढे मौन चालते, लेकीपुढे चालत नाही. आणि इथे मिस्त्री तर विकणारादेखील नव्हता. तो वाटेवरचा साक्षीदार.

आपल्या परंपरेने ही रेघ वेगळीकडे ओढली आहे. धान्याच्या ढिगाची हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. पैगंबर साहेबांनी (स.) बाजारात एका ढिगात हात घातला आणि आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. कारण खरेच होते. पाऊस काही त्याने पाडला नव्हता. पैगंबर साहेबांनी विचारले ते इतकेच, की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? फसवणारा आपल्यातला नव्हे, हे त्यानंतरचे वाक्य सर्वांना पाठ आहे. त्याआधीचा प्रश्न आपण विसरतो. सांगलीचा पूरही कोणी आणला नव्हता. ओल वर ठेवायची की खाली, एवढाच प्रश्न होता. ती वर ठेवली सांगलीच्या त्या व्यापाऱ्याने, आणि खाली दडवली ज्याने, तो सोलापूरचा दलाल सलाम करून, अल्लाची कसम खाऊन मला गाडी देऊन गेला. सचोटी म्हणजे आपल्या जमातीची मिरास असल्यासारखी जी भाषणे आपल्याकडे होतात, ती ऐकताना मला हे दोघे आठवतात.

पण साक्षीदाराचे काय? याचे उत्तर मला वासिला बिन अस्का या सहाबींच्या एका हकिकतीत मिळाले. इमाम गझालींनीही व्यवहाराच्या नीतीविषयी लिहिताना ती दिली आहे. एक माणूस उंटीण विकत घेऊन निघाला. वासिलांनी पाहिले आणि ते त्याच्या मागे घाईने गेले. त्यांनी विचारले की, ही मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी? तो म्हणाला, प्रवासासाठी. तेव्हा वासिलांनी त्याला सांगितले की तिच्या खुराला छिद्र आहे, ती लांबची वाट चालणार नाही. सौदा फिसकटला आणि विकणारा चिडला. वासिलांनी त्याला पैगंबर साहेबांची शिकवण ऐकवली: दोष न सांगता विकणे जसे वैध नाही, तसे तो माहीत असणाऱ्याने गप्प राहणेही वैध नाही.

ही हकिकत मी मिस्त्रीला सांगितली नाही. सांगायचा मला अधिकार आहे का, असे मला वाटले. वासिलांचा चरितार्थ त्या उंटवाल्यावर अवलंबून असल्याचे कोणी सांगत नाही. मिस्त्रीचा दलालावर होता. गरिबाचे मौन आणि नफेखोराचे मौन एकाच तराजूत घालता येईल का? दुसरीकडे हेही खरे की हा केवळ पैशांचा मामला नव्हता. पाण्यात बुडालेल्या लिथियम बॅटरीच्या आत गंज चढत राहतो, आणि कधी कधी ती नंतर पेट घेते. २०२२मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या अशा गाड्या पेटल्या होत्या. कृष्णेचे पाणी गोडे, धोका कमी; पण माझी नात त्या गाडीत बसत होती. मिस्त्रीची मजबुरी मला कळते. मजबुरीने दोष हलका होतो, नाहीसा होत नाही, असे माझे मत झाले आहे. त्यावर मी ठाम आहे, पण खूश नाही.

शिवाय माझे स्वतःचे काय? ‘पूछेच नै’ हे खरेच होते. सौदा झाला त्या दिवशी गाडीत सुगंधाची बाटली लटकत होती, आणि त्या सुगंधाच्या तळाशी कुबट वास होता. भाव बाजारापेक्षा एक तृतीयांश कमी. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर उत्तर आले असते. आणि १९९८ साली मी माझी स्कूटर एका नव्या शिक्षकाला विकली तेव्हा तिचा तिसरा गिअर निसटतो हे मला पक्के माहीत होते. त्यानेही विचारले नव्हते. आता तो माझ्याहून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला आहे. परवा त्याला फोन करून हे कबूल केले. तो मोठ्याने हसला. म्हणाला, ‘सर, मलाही आठवड्यात कळलं होतं. मी ती बार्शीच्या एकाला देऊन टाकली.’ त्याला सांगितलेस का, असे मी विचारले नाही. पुन्हा एकदा विचारले नाही.

गाडी आता विकायची आहे. धाकटीची फी भरायची आहे. सगळा इतिहास मी एका कागदावर लिहिला: पुणे, सांगली, पूर, दोन सेल. तो समोरच्या काचेला आतून लावला. तिघे आले, वाचले आणि गेले. याच बाजारात, याहून वाईट असतील अशा गाड्या कागद नसल्यामुळे चांगल्या भावाने जातात. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७०मध्ये जुन्या मोटारींच्याच बाजारावर निबंध लिहिला होता. विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सगळ्यांनाच सरासरी वाईट धरून भाव देतो. मग चांगला माल आपोआप बाजारातून उठतो. त्याला २००१ साली नोबेल मिळाले. माझ्या कागदाला भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला.

पत्नी म्हणाली, ‘हा कागद तुम्ही लावला. घेणारा पुढे विकताना तो फाडणार नाही कशावरून?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. वासिलांचा पहिला प्रश्न मला तेव्हा नीट कळला. मांसासाठी की प्रवासासाठी? सुट्या भागांसाठी, भंगारात दिली, नोंदणी रद्द करून घेतली, तर छिद्राचा कोणाला त्रास नाही आणि साखळी तिथेच संपते. पण फीचे अर्धे पैसेही त्यात निघत नाहीत.

गेल्या महिन्यात अक्कलकोटहून एक तरुण आला. शाळेच्या पोरांना ने-आण करायला गाडी हवी होती. किंमत त्याला पसंत होती. कागद त्याने वाचला, पण म्हणाला, ‘जुन्या गाडीत एवढं तेवढं असतंच.’ योगायोगाने मिस्त्री तिथून नमाजला निघाला होता. तो थांबला. काही न बोलता त्याने डिकी उघडली, स्टेपनी उचलून बाजूला ठेवली आणि त्या तरुणाचा हात धरून खोबणीतल्या गाळावर ठेवला. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला. ‘बच्चे बैठेंगे बोलते ना,’ एवढेच म्हणाला.

तरुण गेला. सोलापूरच्या दलालाच्या गाड्या तेव्हापासून दुसऱ्या गॅरेजात जातात. हे मला मिस्त्रीने सांगितले नाही, त्याच्या पोऱ्याने सांगितले.