पसंती

मागच्या फाल्गुनात आम्ही उभयता कुत्रे पाहायला गेलो होतो. ‘पाहायला’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. कांदेपोहे नव्हते एवढेच. बाकी सारा थाट स्थळ पाहण्याचा. गावाबाहेर एका संस्थेने बेवारशी कुत्र्यांसाठी आवार बांधले आहे. फाटक उघडताच तीसचाळीस जीव जाळीपाशी धावले आणि जो तो आपल्याकडेच पाहा म्हणून आर्जवे करू लागला. हा फार उंच, तो फार भुंकतो, तिचे केस फार गळतील, असे मी मनाशी बोलत चाललो होतो. सौ. मात्र मध्येच थबकली आणि म्हणाली, “अहो, मला हे काही बरे वाटत नाही. एकाला हो म्हणायचे म्हणजे बाकीच्या साऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचे.”

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

संध्याकाळी ही हकीकत एका मित्राला सांगितली. आयुष्यभर संस्कृत शिकवलेला माणूस. त्याने थेट महाप्रस्थानिक पर्वच काढले. हस्तिनापुराहून पाच पांडव आणि द्रौपदी निघाली, सातवा एक कुत्रा मागे लागला. वाटेत द्रौपदी पडली, एकेक भाऊ पडला, कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिराने भक्ताचा त्याग करून मिळणारा स्वर्ग नाकारला. “धर्मराजाने त्याची जात विचारली होती? उंची मोजली होती?” मित्र म्हणाला. “जो मागे आला तो आपला. भाजीबाजारात वांगी निवडावी तसा जीव निवडायचा, यातच काहीतरी पाप आहे.”

मला उत्तर सुचले ते रात्री, अंथरुणावर पडल्यावर. युधिष्ठिराला तिसरा मजला नव्हता. शेजारी नव्हते, कचेरी नव्हती, भाड्याच्या घराचा मालक नव्हता. तो दिवसभर चालत होता. दिवसभर चालणारा धनी! कुत्र्याला याहून अधिक काय हवे? अशा माणसाला कोणताही कुत्रा शोभला असता. न निवडण्याची चैन त्याला परवडणारी होती.

माझे तसे नव्हते, आणि हे मला पुस्तकातून कळलेले नाही. चार वर्षांपूर्वी मी एक कुत्रा घरी आणला होता. दीड वर्षाचा, कारवानी रक्ताचा. लांब पाय, आत ओढलेले पोट, खोल छाती. या जातीचा डौल मनात भरण्याजोगाच आहे. तिच्या मुधोळच्या भावंडाचे तर 2005 साली टपाल खात्याने तिकीटही काढले. पण हे जनावर घडले ते दख्खनच्या माळावर सशामागे सुसाट धावण्यासाठी, आणि मी त्याला देत होतो सकाळी वीस मिनिटे, साखळीला बांधून, गल्लीच्या टोकापर्यंत. दोन महिन्यांत त्याने दाराची चौकट कुरतडली. तिसऱ्या महिन्यात तो स्वतःचाच पाय चाटून चाटून रक्त काढू लागला. मी त्याच्यावर ओरडत असे. चौथ्या महिन्यात त्याला परत नेऊन दिले. तिथल्या बाईंनी एक अक्षर बोलून दाखवले नाही. त्यांनी वही उघडली आणि ‘परत करण्याचे कारण’ या रकान्यापाशी पेन टेकवून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “लिहा, खोडकर आहे.”

ते खोटे होते. त्याच्यात काही खोट नव्हती. मी त्याचे रूप पाहिले होते, माझा दिवस पाहिला नव्हता.

माणसांनी कुत्र्यांच्या जाती गंमत म्हणून घडवलेल्या नाहीत. डाख्सहुंड बिळातल्या बिज्जूंमागे घुसावा म्हणून आखूड पायांचा झाला. लॅब्रडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात जाळी ओढीत. हस्की सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारा. कामे संपली, देह आणि स्वभाव मात्र तसेच राहिले. वैशाखात आमच्या शहरात हस्कीला फिरवणारे लोक दिसतात, तेव्हा कुणी लोकरी कोट घालून उन्हात उभे राहण्याची शिक्षा भोगत असावे असे वाटते. पगचे नाक तर आपल्या कौतुकासाठी इतके चेपले गेले की बिचाऱ्याला उकाड्यात धड श्वासही घेता येत नाही. त्या मानाने आपला गल्लीतला कुत्रा नशीबवान. त्याला कुणी मागणी नोंदवून घडवला नाही. इथल्या उन्हापावसाने घडवला.

तेव्हा निवड करावी, हे मी मनाशी पक्के केले. पण मित्राचा काटा पूर्ण निघाला नव्हता. जो तो आपल्या सोयीचा कुत्रा निवडू लागला, तर म्हाताऱ्यांचे काय? तीन पायांच्यांचे काय? सोयीच्या चाळणीतून जे खाली पडतील त्यांना वाली कोण?

मुंबईत 1832 साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर पडावी लागते. ती कुत्री त्यांच्या घरची नव्हती, तरी ते भांडले. परवा 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी त्यात बदल केला. त्या अकरा दिवसांत मीही तावातावाने बोललो. बोलता बोलता मध्येच ती वही आठवली आणि जीभ अडखळली. समस्त श्वानजातीची कड घेणे मला जमते. पहाटे साडेपाचला पावसात एका कुत्र्याला खाली नेणे जमत नाही.

आषाढात आम्ही पुन्हा त्या आवारात गेलो. बाई त्याच होत्या. त्यांनी ओळख दाखवली नाही; आठवत नव्हते की आठवूनही गप्प होत्या, देव जाणे. या वेळी आधी एक छापील कागद भरायचा होता. कुत्रे किती तास एकटे राहील? जिने किती? गावी गेलात तर कोण सांभाळील? घरातल्या मंडळींची वये? मी अडुसष्ट लिहिले, सौ.ने चौसष्ट. कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. मी पेन खाली ठेवले. आजवर मी फक्त एवढेच पाहत आलो होतो की कुत्रे मला पुरे पडेल का. मी कुत्र्याला पुरेन का, हे कुणी विचारलेच नव्हते. दोन महिन्यांचे गोजिरवाणे पिल्लू आज उचलले, तर मी ऐंशीचा होईन तेव्हा ते बारा वर्षांचे असेल, आणि मी नसलो तर पुन्हा याच जाळीमागे.

“आधी कुत्रे ठेवले होते का?” हाही एक प्रश्न होता. मी ‘होय’ लिहिले. ‘त्याचे काय झाले?’ पुढे एकच ओळ सोडलेली होती. मी लिहिले : ‘मी परत केला. दोष त्याचा नव्हता.’ बाईंनी कागद वाचला. मग त्या म्हणाल्या, “तो आता एका मळ्यावर असतो. बरा आहे.” एवढे बोलून त्या आम्हाला शेवटच्या ओळीकडे घेऊन गेल्या.

तिथे एक काळी कुत्री पोत्यावर झोपली होती. नऊ वर्षांची, तोंडावर पांढरे केस आलेले. आम्हाला पाहून ती उठली नाही. फक्त एक कान हलवला. सौ. जाळीपाशी खाली बसली. बऱ्याच वेळाने कुत्री आली आणि सौ.च्या बोटांचा वास घेऊन पुन्हा पोत्यावर गेली. “हिला जिने झेपत नाहीत,” बाई म्हणाल्या. मी म्हणालो, “मलाही झेपत नाहीत.” आम्ही श्रावणात तळमजल्यावरची जागा घेतली, घ्यायची होतीच, ती तेवढी लवकर घेतली.

मित्र पाहायला आला तेव्हा ती त्याच्या पायांवर हनुवटी टेकून झोपली. तो बराच वेळ पाय न हलवता बसला होता. “निवडलीस ना शेवटी?” एवढेच म्हणाला. मी हो म्हटले.

नेपाळात नरक चतुर्दशीला कुत्र्यांच्या गळ्यात हार घालतात, कपाळी टिळा लावतात. आमच्याकडे त्या पहाटे फटाके सुरू होतात. फटाक्यांना ती फार भिते असे बाईंनी सांगून ठेवले आहे. तेव्हा यंदा लक्ष्मीपूजनाला मागच्या खोलीच्या खिडक्या लावून, रेडिओ मोठ्याने सुरू करून आम्ही दोघे तिच्यापाशी बसणार आहोत. फराळाला कुणाकडे जाणे होणार नाही. ज्यांना भेटायचे असेल त्यांनी आमच्याकडे यावे. मात्र रव्याच्या लाडवावरचा बेदाणा कुणी लाडाने तिला घालू नये. कुत्र्यांना तो बाधतो, आणि ती मागितल्यावाचून राहायची नाही.